निरगुडीचं तेल

रेजायना, कॅनडा
२४ नोव्हेंबर २०२४

बायजाताई,

कोंबडी कागदावरून चालत गेल्यासारखं हे अक्षर माझंच आहे. डाव्या हाताने लिहितेय, हसू नकोस. उजवा हात मोडलाय.

घाबरू नकोस असं म्हणायच्या आधीच तू घाबरली असशील, म्हणून सगळं सांगून टाकते. मंगळवारी सकाळी समिधा बाळाला पाजत बसलेली. मी म्हटलं, पोरीला कशाला उठवू, कचऱ्याची पिशवी मीच बाहेर ठेवून येते. दारापुढच्या पायऱ्यांवर बर्फ गोठून लादीसारखा गुळगुळीत झालेला आणि माझ्या पायात ठाण्याला, आपल्या खोपटच्या बाजारात घेतलेली स्लीपर. पाय सरकला तो सरकलाच. पडताना हात टेकला आणि कोपरातून वाळकी फांदी मोडल्यासारखा आवाज आला. जावईबापू धावत आले. दर्शनरावांना मी कधी ‘अरे दर्शन’ म्हटलं नव्हतं, त्या दिवशी म्हटलं. कोपर निखळलंही होतं आणि हाडही मोडलेलं. हॉस्पिटलात भूल देऊन बसवलं, प्लास्टर घातलं.

ताई, मी इथे आले कशाला होते? बाळंतिणीचं करायला, बाळाला तेल लावून न्हाऊ घालायला. आता बाळंतीण माझी वेणी घालते. बाळ रडतं आणि मी खुर्चीत बसून ‘अले अले’ करते. फार लाज वाटते गं.

फोन केला असता, पण तुला ऐकू येत नाही, कानातलं मशीन तू कपाटात घालून ठेवलंयस, आणि नयन तुला ओरडून सांगताना निम्मं स्वतःच्या मनाचं घालतो. त्यापेक्षा कागद बरा. या पानाचा फोटो नयनच्या मोबाइलवर पाठवते. तूही लिही आणि समृद्धीला फोटो काढायला सांग. तुझ्या मुलापेक्षा तुझ्या नातीचा हात स्थिर आहे.

मालू


मोठागाव, डोंबिवली
१ डिसेंबर २०२४

मालू,

तुझं पत्र वाचलं आणि गॅसवरचं कालवण करपलं. नयन धावत आला. त्याला वाटलं आईचे कान गेले, आता नाकपण गेलं.

बर्फात कोणी स्लीपर घालून जातं का गो? लहानपणी मिठागराच्या बांधावर अशीच धावायचीस आणि आपटायचीस. पण तवा बाबा होते. मिठाची टोपली घेऊन जो पडायचा तो पयला आपल्या दारात यायचा. बाबा त्याला बसवायचे, बिडी द्यायचे, बायकोचं नाव विचारायचे, आणि तो नाव सांगेपर्यंत हाड जागेवर. मग बांबूच्या कांबी, मग निरगुडीचं तेल. किती हात नीट केले माझ्या बापाने! एक काळुरामचं कोपर तेवढं वाकडं राहिलं, पण तो तेल लावायच्या वेळी पळून जायचा. त्याला बाबा काय करणार?

मला प्लास्टरचा भरोसा नाय. हात कोंडून ठेवला की आतून सुकतो. पण परक्या देशात तू तरी काय बोलणार. डॉक्टर सांगतील तसं कर आणि प्लास्टर निघालं की मला लिही.

इकडे माझं बरं चाललंय. कान नायत, पण हात हायत. रोज कोण ना कोण मुरगळलेला पाय नायतर आखडलेली मान घेऊन येतं. परवा कल्याणवरून एक बाई रिक्षा करून आलेली. नयनचे बाबा गेल्यापासून हीच माणसं येतात गो माझ्याकडे, म्हणून दिवस जातो.

समृद्धी म्हणते, मावशीआजीला सांग बर्फाचा फोटो पाठव. मी म्हटलं, त्या बर्फाचं तोंड नको बघायला.

तुझी बायजा


रेजायना
५ जानेवारी २०२५

ताई,

प्लास्टर निघालं. आतून जो हात बाहेर आला तो माझा वाटलाच नाही. पांढरट, बारीक, शेवग्याच्या शेंगेसारखा. आणि कोपर हलत नाही. थोडं वाकतं, थोडं सरळ होतं, मध्येच दरवाजा अडावा तसं अडतं.

डॉक्टरने सांगितलं, आता फिजिओथेरपी. म्हणजे व्यायाम करून घेणारी माणसं असतात त्यांच्याकडे जायचं. आपल्या ठाण्यात, नौपाड्यात कशी प्रत्येक गल्लीत एक पाटी दिसते, तसं मला वाटलेलं. छे गं! हॉस्पिटलातल्या फिजिओकडे नंबर लावला तर म्हणे बर्फ वितळल्यावर बोलावू. खासगीत जायचं तर माझा प्रवासाचा विमा पडले त्या दिवसाच्या उपचारापुरता, नंतरच्या व्यायामाला नाही. दर्शनराव म्हणतात आपण भरू, पण त्यांच्या ऑफिसात रोज कोणाला तरी कामावरून काढून घरी पाठवतायत, आणि समिधा बिनपगारी सुट्टीवर. मीच म्हटलं राहू दे.

हॉस्पिटलने एक कागद दिलाय. त्यावर एक माणूस काढलाय. तो हात वाकवतो, सरळ करतो, वाकवतो, सरळ करतो, आणि वर हसतो. मी त्याच्यासमोर बसून करते. त्याचा वाकतो, माझा वाकत नाही. काल समिधा बाळाला माझ्या मांडीवर ठेवून आंघोळीला गेली. बाळ घसरायला लागलं आणि मला त्याला उचलून घेता येईना. मी नुसती ओरडत राहिले. काही झालं नाही, सोफ्यावरच होतो आम्ही. पण समिधा साबणाच्या अंगाने धावत आली, आणि तेव्हापासून ती बाळाला माझ्याजवळ देताना आधी उशा लावते. बोलत नाही काही. उशा लावते.

हात असाच राहिला तर मी काय करू गं?

मालू


मोठागाव, डोंबिवली
१२ जानेवारी २०२५

माझे मालू,

रडू नको. मी हाय ना.

तुझं पत्र आलं त्या दिवशीच नयनला गाडीवर बसवून खाडीकडे गेले आणि निरगुडीचा पाला काढून आणला. आता तिथेपण टॉवर उठलेत, पण झाडं कुठं राहिलीत ते मला ठाऊक हाय. पाला वाटला, तिळाच्या तेलात लसूण नि ओवा घालून मंद कढवला, बाबा कढवायचे तसाच. अख्ख्या बिल्डिंगीत वास. वरच्या मजल्यावरची बाई खाली आली भांडायला. ती काय बोलली ते मला ऐकायलाच आलं नाय, मी हसून तिला चहा दिला.

दर्शनरावांचा मित्र सुमित, आपल्या इथला, तो पुढच्या आठवड्यात तिकडे येतोय. त्याच्याजवळ बाटली दिली. वर प्लास्टिक, त्यावर माझी जुनी साडी, त्यावर परत प्लास्टिक.

आता नीट वाच. सकाळ-संध्याकाळ तेल कोमट करायचं. समिधाला सांग, कोपराच्या वरचा मांसल भाग अंगठ्याने दाबून चोळायचा, गाठ लागेल तिथे जास्त. मग एका हाताने दंड धरायचा, दुसऱ्याने मनगट, आणि ताणायचं. आधी सरळ, मग वाकवून. जिथे अडतं तिथे सोडायचं नाय, तिथूनच पुढे ढकलायचं. दुखेल. तू बोंबलशील. समिधाला सांग आईचं ऐकू नको, मावशीचं ऐक. काळुरामसारखं करू नको.

तिकडच्या लोकांना नंबर लावू दे. माझ्या बहिणीचा हात मी इथून नीट करते का नाय बग.

बायजा


रेजायना
९ फेब्रुवारी २०२५

ताई,

बाटली पोचली. साडी सोडली आणि घरभर बाबांचा वास सुटला. मला रडूच आलं. समिधाने नाक मुरडलं, पण तीही म्हणाली, आजोबा आले.

दोन्ही वेळा लावतो. समिधा बाळाला निजवून माझ्याजवळ बसते. तू लिहिलंस तसंच करते, मी कितीही ओरडले तरी. शेजाऱ्यांनी एकदा दार वाजवून विचारलं, सगळं ठीक आहे ना. दर्शनरावांनी काय सांगितलं देव जाणे. पोरीच्या डोळ्याला धार लागते माझा हात ताणताना. पण सोडत नाही, तुझीच भाची.

एक विचारू? चोळल्यावर कोपर सुजतं आणि गरम लागतं, तव्याजवळ हात धरावा तसं. आधी इतकं नव्हतं. वाकतंय तेही पहिल्यापेक्षा कमीच वाटतं. समिधा म्हणते दोन दिवस थांबू. थांबू का?

मालू


मोठागाव, डोंबिवली
१४ फेब्रुवारी २०२५

मालू,

थांबायचं नाय! अगदी थांबायचं नाय. गरम लागतं म्हणजे बंद पडलेलं रक्त वाहायला लागलं. बाबा म्हणायचे, हात तापला की समजायचं आता सुटणार. सूज आली तर तेल जास्त घ्या, जोर कमी करू नका. आता सोडलंत तर केलेलं सगळं वाया.

समिधाला माझा मुका. सांग, पोरी, आईसाठी रडत रडत कर पण कर. मी तिथे असते तर तुला त्रास दिला नसता.

बायजा


रेजायना
३० मार्च २०२५
(हे पाठवणार नाही)

ताई,

हे पान मी तुला पाठवणार नाही. पण कोणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही, आणि सांगायचं तर आयुष्यभर तुलाच सांगत आले.

फिजिओ मिळाली. इथल्या एका चर्चच्या तळघरात आठवड्यातून एकदा बसते, ज्यांचा कुठे नंबर लागत नाही अशांना बघते. समिधाला बाळाच्या लशीच्या वेळी कोणीतरी सांगितलं. मर्लिन नाव, फिलिपिन्सची. आपल्यासारखीच बुटकी, सावळी. मला वाटलं आता ही हात धरून ताणणार. मी दात आवळून बसले. तर तिने हातच लावला नाही. नुसतं बघितलं. मग तळहात कोपरापासून बोटभर वर धरून उष्णता बघितली आणि समिधाला विचारलं, हे कोणी चोळलं का? जोर लावून ताणलं का?

समिधाने हो म्हटलं. बाटली दाखवायला पर्समध्ये आणलेली, कौतुकाने. ती तिने बाहेर काढलीच नाही.

तिने हॉस्पिटलात पाठवून एक्स-रे काढवला. मर्लिनने पडद्यावर दाखवलं. कोपरासमोर, जिथे नुसतं मांस असायला पाहिजे, तिथे पांढरा ढग. ते हाड आहे म्हणाली. मोडलेलं कोपर ताजं असताना चोळलं, ओढलं, की आतलं मांस फाटतं, आणि ते भरून येताना मांस न होता हाड होतं. जितकं चोळाल तितकं वाढतं. तेलाचा दोष नाही, चोळण्याचा आहे. माझ्या हाताने, माझा मी, न ओढता हलवायला हवा होता. तो कागदावरचा हसरा माणूस बरोबर करत होता.

आता चोळायचं नाही. हाड पिकू द्यायचं, मग वर्षभराने ऑपरेशन करता येईल, पण हात परत येईलच असं नाही. कोपर काटकोनाच्या जवळपास अडकलंय. गंमत बघ, त्यामुळे टेबलावर ठेवून लिहिता येतं. अक्षर बघ कसं आलंय, अगदी पूर्वीसारखं. पण घास तोंडापर्यंत जात नाही, आणि डाव्या हाताने जेवायला मन घेत नाही. कपाळाला कुंकू लावता येत नाही. बाळाला पोटाशी धरता येत नाही.

घरी आल्यावर समिधा बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून बसली. मला ऐकू येत होतं. मी दाराशी जाऊन म्हटलं, पोरी, तुझी काय चूक? तर म्हणाली, आई, तू ओरडत होतीस आणि मी थांबले नाही.

ताई, मला राग येतो. तुझा येतो. मी विचारलेलं तुला, थांबू का म्हणून. आणि लगेच डोळ्यांपुढे तू येतेस, गाडीवर मागे बसून पाला आणायला गेलेली. तुझे कान गेले, भावोजी गेले, आता तुझ्याकडे हे दोन हातच राहिलेत, आणि त्या हातांनी माझा हात घालवला हे मी तुला कोणत्या तोंडाने सांगू? समिधाला शपथ घातलीय, मावशीला कळता कामा नये.


रेजायना
३१ मार्च २०२५

ताई,

अक्षर बघून ओळखलं असशील, उजव्या हाताने लिहितेय. हात छान आहे आता. तुझ्या तेलाने काम केलं. बाटली संपत आली, पण आता नवी पाठवू नकोस, गरज उरली नाही.

बाळ पालथं पडायला लागलं. काळजी करू नकोस.

मालू


मोठागाव, डोंबिवली
६ एप्रिल २०२५

माझे सोन्ये,

तुझं अक्षर बघून मी मोबाइलचाच मुका घेतला. समृद्धी म्हणाली, आज्जी, काच ओली झाली! तेच तुझं वळणदार अक्षर, बालवाडीत शिकवताना फळ्यावर लिहायचीस तेच. म्हटलं, सुटला माझ्या मालूचा हात.

सगळ्या गावाला दाखवलं. रेतीबंदरच्या कट्ट्यावर बायका बसतात, तिथे पत्र वाचलं. म्हटलं, कॅनडाच्या डॉक्टरला जमलं नाय ते शिवराम हाडवैद्याच्या पोरीने डोंबिवलीत बसून केलं. दक्षता, माझी सून, नेहमी मला म्हणते आई, आता हे बंद करा, कोणाचं काही वाईट झालं तर आपल्यावर येईल. तिला तुझं पत्र वाचायला दिलं. घडी करून परत दिलं आणि कामाला लागली. बाबांच्या फोटोला हार घातला आणि दोन पेढे ठेवले.

माणसं तर इतकी यायला लागलीत की दुपारचं पडायला मिळत नाय. पण गो मालू, किती दिवसांनी मी अशी दमले! दमून झोप लागते.

तू आलीस की तुझ्या हातची भाकरी खायची.

बायजा


मोठागाव, डोंबिवली
४ मे २०२५

मालू,

आज फोटो नयनने काढलाय, अर्धं पान कापलं गेलं तर त्याला शिव्या दे. समृद्धी पडली. सुट्टी लागली तशी बिल्डिंगीच्या पोरींबरोबर सायकल घेऊन बंदराकडे उतरलेली, तिथल्या उतारावर आपटली. तुझंच कोपर, उजवं. घराण्याचीच खोड दिसते.

प्लास्टर घातलेलं ते परवा काढलं. डॉक्टर सांगतो, पोरीला आपणहून हलवू द्या, मालिश करू नका, कोणाला ओढू देऊ नका, आणि नौपाड्यात लहान मुलांची फिजिओ हाय तिच्याकडे न्या. दक्षता सुट्टी टाकून निघालेली. मी म्हटलं, या उन्हात पोरीला घेऊन ठाण्याला फेऱ्या कशाला मारता? घरात मी असताना? ती ऐकेना. म्हणाली डॉक्टरांनी मालिशला स्पष्ट नाय सांगितलंय. तवा तुझं पत्र तिच्यासमोर धरलं. म्हटलं, वाच. हिलाही डॉक्टर असंच सांगत होते. हिचा हात सुटला का नाय? नयन म्हणाला, आई बरोबर बोलते, मावशीचा हात डोळ्यांसमोर हाय. मग तिचं काय चालणार.

कालपासून सुरू केलं. पोर फार ओरडते गो. मला ऐकू येत नाय ते बरंच हाय, नुसतं तोंड उघडलेलं दिसतं. नयन मागून धरतो, मी ताणते. हात चांगला तापलाय, म्हणजे गुण येतोय. तिला सांगते, मावशीआजीसारखी शूर हो, मग तिच्यासारखं सुंदर अक्षर येईल.

तू तिला दोन ओळी लिही. तुझं ऐकेल.

बायजा


रेजायना
४ मे २०२५

ताई,

हात काढ तिच्यावरून. पुढचं वाचायच्या आधी हात काढ.

मी दक्षताला फोन केलाय. हे पान तुझ्यासमोर येईल तेव्हा तिला सगळं माहीत असेल. तिला अडवू नकोस, आज, आत्ता नौपाड्याला जाऊ दे.

माझा हात बरा झालेला नाही. मी खोटं लिहिलं. सोबत फोटो पाठवतेय, बघ. कोपर एवढंच वाकतं, यापुढे नाही. चोळून आणि ताणून माझ्या कोपरात भलतीकडेच हाड वाढलंय. इथल्या मर्लिन नावाच्या फिजिओने एक्स-रेमध्ये दाखवलेला तो पांढरा ढग मी डोळ्यांनी बघितला. मी जेवते ती समिधा भरवते म्हणून. लिहिता येतं कारण लिहायला कोपर हलवावं लागत नाही. ते अक्षर बघून तू फसलीस, आणि मला माहीत होतं तू फसशील.

हात तापतो तो गुण नाही, ताई. ते आत फाटतंय. लहान पोरीचं तर आणखी लवकर होतं म्हणतात.

मार्च महिन्यात मी एक पत्र लिहून ठेवलेलं, सगळं खरं. ते पाठवलं नाही. तुझ्या मनाला लागेल म्हणून. तुझं मन सांभाळलं आणि पोरीचा हात तुझ्या हातात दिला. तू मला काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन. पण आधी तिला सोड.

मालू


रेजायना
१७ मे २०२५

ताई,

दक्षता फोनवर हो-नाही एवढंच बोलते. नयन उचलत नाही. समृद्धीचा एक्स-रे काढला का? काय निघालं? तू रागावलीयस ते कळतं गं. रागाने का होईना, एक ओळ लिही.

मालू


मोठागाव, डोंबिवली
१ जून २०२५

मालू,

तीन पानं लिहून फाडली, म्हणून इतके दिवस गेले.

समृद्धीचं सांगते. एक्स-रेमध्ये हाय. तुझ्यासारखा ढग नाय, पुसट रेघ हाय, पण हाय. नौपाड्याची फिजिओबाई म्हणते, लगेच थांबलात म्हणून कदाचित एवढ्यावर राहील, लहान वय हाय, विरघळेल थोडं. सगळं विरघळेल असं म्हणत नाय. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, मला ओठ वाचता येतात थोडे. शाळा सुरू होईल तवा पोरगी डाव्या हाताने लिहील. पुढचं पुढे.

दक्षता माझं ताट वाढते, औषध देते. फक्त मी खोलीत गेले की समृद्धीला हाक मारते आणि पोर उठून जाते. काल मी पंख्याचं बटण दाबायला हात वर केला, तर समृद्धीने कोपर पोटाशी घट्ट धरलं आणि भिंतीला चिकटली. माझ्याच नातीने. मालू, ते बघून मला वाटलं डोळे पण गेले असते तर बरं.

तुझ्यावर रागावले. फार रागावले. तू पत्र दाबून ठेवलंस. खरं सांगितलं असतंस तर मला चार दिवस अन्न गोड लागलं नसतं, काय झालं असतं? मेले नसते मी. मला तू म्हातारी झालेली, जपून ठेवायची वस्तू समजलीस, आणि बहीण समजली नाहीस. हे मी तुला माफ करेन का नाय, मला आज ठाऊक नाय.

पण डॉक्टरने मालिश नको सांगितलेलं ते माझ्यासमोर. ते तू दाबलं नव्हतंस. ते मी ऐकलं नाय, आणि त्याला माझे कान कारण नायत.

काळुरामकडे जाऊन आले. म्हातारा झालाय, खाटेवर असतो. त्याला विचारलं, तू तेल लावायच्या वेळी पळायचास ना रे? त्याने मान हलवली, नाय म्हणून. मग हाताने दाखवलं, शिवरामदादा असे धरायचे, असे ताणायचे, रोज. त्याचा तो वाकडा हात त्याने माझ्या डोक्यावर ठेवला. त्याला बाबांचा राग नाय. मला आलाय, आणि मेलेल्या बापावर राग काढायचा कुठे?

माणसं अजून येतात. मीच गावभर सांगून ठेवलं ना तुझ्या हाताचं. परवा घरात कोणी नव्हतं. समोरचं दार हलताना दिसलं, कडी उडत होती. फटीतून बघितलं तर कडेवर पोर घेतलेली एक बाई, पोराचा हात गळ्यात बांधलेला. मी उघडलं नाय. आतून चिठ्ठी सरकवली, डॉक्टरकडे जा म्हणून. तिला वाचता येत नसावं. ती खूप वेळ वाजवत होती. मला आवाज येत नव्हता, दार नुसतं हलताना दिसत होतं. शेवटी दार उघडून तिच्याबरोबर रिक्षात बसले आणि दवाखान्यात सोडून आले. उरलेलं तेल त्या दिवशी मोरीत ओतलं. चार वेळा साबणाने हात धुतले तरी वास जात नाय.

तू या महिन्यात येतेस असं नयनने लिहून दाखवलं. खोपटच्या तुझ्या घरी एकटी राहू नकोस, इथे ये. दक्षता नाय म्हणणार नाय, मी विचारलंय. घास मी भरवीन. तुझ्या हाताला मी हात लावणार नाय, तुझ्या गळ्याची शपथ.

एवढंच कर, निघायच्या आधी त्या मर्लिनबाईला विचार. वेणी मी घातलेली चालेल का? आणि केसांना तेल लावायचं का नाय, ते पण तिलाच विचारून ये.

बायजा